अमळनेरचे शंभर शेअर

शेअर बाजाराचे नाव काढले की आपल्या व्यापारी बांधवांकडून दोनच प्रकारची उत्तरे ऐकू येतात. एक वर्ग म्हणतो, तो सट्टा आहे, त्या वाटेला जाऊच नये. दुसरा वर्ग मोबाईलवर आलेली ‘टिप’ पाहून सकाळी घेतो, दुपारी विकतो आणि महिनाअखेर दुकानाच्या गल्ल्यातून तूट भरून काढतो. शेअर म्हणजे भावावर लावलेली पैज, असे हे दोन्ही वर्ग मनातून मानतात. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्या माणसाने आयुष्यभर दुकान, कारखाना किंवा माग चालवला, त्याच्याजवळ शेअर पारखण्याची अर्धी विद्या आधीच असते. ती वापरायची कशी, हे एका खऱ्या उदाहरणावरून पाहू. उदाहरण दूरचे नाही, आपल्या खानदेशातले आहे.

जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे डिसेंबर १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. प्रेमजींचा मूळ व्यापार तांदळाचा. अमळनेरला तेलापासून वनस्पती तूप बनवायचे, असा हा नवा धंदा होता. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण ही तिची ओळख. १९४६ साली कंपनीने लोकांना शेअर विकले आणि गावातल्या कित्येक साध्या घरांतही ते कागद गेले. ऑगस्ट १९६६ मध्ये मोहम्मद हाशम यांचे निधन झाले. अमेरिकेत शिकत असलेला २१ वर्षांचा मुलगा अझीम शिक्षण अर्धवट टाकून परत आला. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने, हे काम तुमच्याने होणार नाही, हिस्सा विकून मोकळे व्हा, असे सुनावल्याचे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. १९७७ साली कंपनीचे नाव ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ झाले. त्याच सुमारास आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतातून बाहेर पडली. तिची जागा मोकळी झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तेल-साबणवाली विप्रो संगणकात उतरली.

आता हिशेब मांडू. समजा १९८० साली कोणाकडे १०० रुपये दर्शनी किमतीचे १०० शेअर होते. १९८१ मध्ये एकास एक बोनस मिळाला, झाले २००. १९८५ मध्ये पुन्हा एकास एक, झाले ४००. १९८६ मध्ये शंभराच्या शेअरचे दहा-दहाचे भाग केले, झाले ४,०००. मग १९८७, १९८९, १९९२ व १९९५ या चार वर्षी एकास एक बोनस. म्हणजे अनुक्रमे ८,०००, १६,०००, ३२,००० आणि ६४,०००. १९९७ मध्ये एकास दोन, झाले १ लाख ९२ हजार. १९९९ मध्ये दहाच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच भाग, झाले ९ लाख ६० हजार. २००४ मध्ये एकास दोन, २००५ मध्ये एकास एक, २०१० मध्ये तिनास दोन. आणि आकडा ९६ लाखांवर गेला. २०१७, २०१९ आणि २०२४ चे बोनस धरले तर मूळच्या शंभर शेअरचे ५ कोटी १२ लाख शेअर होतात. त्यांची किंमत शेकडो कोटींत जाते. मधल्या काळात लाभांश मिळत राहिला तो वेगळाच.

हा हिशेब अनेकांनी ऐकलेला असतो. तो ऐकून बहुतेक लोक एकच प्रश्न विचारतात: आता असा शेअर कोणता? आमच्या मते आधी विचारायचे प्रश्न निराळे आहेत.

पहिली गोष्ट बोनसची. बोनसने कोणी श्रीमंत होत नाही. एका भाकरीचे दोन तुकडे केले तर भाकरी तेवढीच राहते. शेअर दुप्पट झाले की एका शेअरचा भाव साधारण निम्मा होतो. अमळनेरवाल्यांची भाकरी वाढली ती आतल्या धंद्याचा नफा वर्षामागून वर्षे वाढला म्हणून, आणि त्या नफ्यातला मोठा वाटा वाटून न टाकता धंद्यातच घातला गेला म्हणून. आजही बोनस जाहीर होणार अशी कुजबूज झाली की भाव चढतो आणि लोक धावतात, याचे आम्हांला नवल वाटते.

दुसरी गोष्ट, ज्यांनी हे शेअर धरून ठेवले ते सगळेच काही जाणकार नव्हते. पुष्कळांच्या बाबतीत कागद पेटीत पडून राहिला, एवढेच. ज्यांनी मधेच विकून मुलीचे लग्न केले, घर बांधले, त्यांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. गरज पडली तेव्हा पैसा कामी आला, हाही गुंतवणुकीचा उपयोगच आहे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याच अमळनेरात प्रताप शेठ यांची कापड गिरणी होती. कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटत असे. ती गिरणी पुढे बंद पडली. मुंबईच्या गिरण्यांचे जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर काय झाले, ते तर भिवंडी-मालेगावच्या मागवाल्यांना सांगायला नको. बंद पडणाऱ्या गिरणीच्या कागदावर कोणी चाळीस वर्षे सबर केला असता तरी हाती काय आले असते? सबराला फळ येते ते धंदा जिवंत असेल आणि वाढत असेल तर. नुसते धरून बसणे म्हणजे गुंतवणूक, हा समज जितक्या लवकर सुटेल तितके बरे.

आणि चौथी गोष्ट भावाची, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. फेब्रुवारी २००० मध्ये संगणक कंपन्यांच्या शेअरना अक्षरशः आग लागली होती. विप्रोचा भाव तेव्हा तिच्या त्या वर्षीच्या नफ्याच्या शेकडो पट झाला. पुढे बाजार कोसळला. कंपनीने मात्र काम थांबवले नाही. २०१९-२० या वर्षी तिचा निव्वळ नफा साडेनऊ हजार कोटींच्या वर होता, म्हणजे २००० सालच्या कितीतरी पट. तरीही ज्याने त्या शिखरावर शेअर घेतला, त्याला बोनस धरून आपला मूळ भाव परत दिसायला वीसेक वर्षे लागली. तीच कंपनी, तेच मालक, तोच सबर. एकाची सात पिढ्यांची सोय झाली आणि दुसऱ्याची मुद्दल जेमतेम सुटली. फरक घेतलेल्या भावाचा होता.

दुकान घेताना जे पाहता, तेच पाहा

भाव महाग की स्वस्त हे ठरवायचे कसे? समजा बाजारपेठेतले एक चालू दुकान विकायला निघाले आहे. मालक म्हणतो, वर्षाला ३ लाख निव्वळ सुटतात. तुम्ही आधी विचाराल, यात तुमची स्वतःची मजुरी धरली आहे का? मग वह्या मागाल. वह्या पटल्या आणि त्याने ३० लाख सांगितले, तर तुम्ही मनात म्हणाल, दहा वर्षांचा नफा मागतो आहे, विचार करू. दीड कोटी सांगितले तर चहा पिऊन उठाल, कारण तो पन्नास वर्षांचा नफा आजच मागतो आहे.

शेअरचा हिशेब हाच. एका कंपनीचा निव्वळ नफा १२ कोटी आणि एकूण शेअर दीड कोटी असतील, तर एका शेअरमागे नफा ८ रुपये. बाजारात तो शेअर ९६ रुपयांना मिळत असेल तर नफ्याच्या बारा पट. ४०० ला असेल तर पन्नास पट. आता धरा की ही कंपनी उत्तम आहे आणि दर पाच वर्षांनी नफा दुप्पट करते. दहा वर्षांनी शेअरमागे नफा ३२ रुपये होईल. त्या वेळी बाजाराचा उत्साह मावळून लोक साडेबारा पटच द्यायला तयार असले, तर भाव होईल ४०० रुपये. ९६ ला घेणाऱ्याचे पैसे चौपट झाले. ४०० ला घेणारा दहा वर्षांनी जिथल्या तिथे. विप्रोच्या २००० सालच्या खरेदीदाराचे नेमके असेच झाले.

बेंजामिन ग्रॅहॅम या अमेरिकन अध्यापकाने १९३४ साली डेव्हिड डॉड यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात या विचाराची शिस्त बसवली. त्याचाच विद्यार्थी वॉरन बफे पुढे जगातील मोठ्या धनिकांत गणला गेला. ग्रॅहॅमचा आग्रह असा की धंद्याची आपल्या हिशेबाने जी किंमत निघते, तिच्यापेक्षा बऱ्याच कमी भावात घ्यावे, म्हणजे अंदाज थोडा हुकला तरी नुकसान मर्यादित राहते. आपले व्यापारी हे पुस्तक न वाचताच पाळतात. माल उतरवताना ‘थोडी मार्जिन ठेवा, शेठ’ म्हणतात ते आणखी काय?

मात्र एकट्या या पटीवर भरवसा ठेवू नये. कमी पटीत मिळणारा शेअर पुष्कळदा मरणाऱ्या धंद्याचा असतो. म्हणून वह्या पाहिल्या पाहिजेत. कंपनीचा वार्षिक अहवाल कोणालाही फुकट पाहता येतो. तो इंग्रजीत आणि जाडजूड असतो, पण घरातल्या शिकत्या मुलाला शेजारी बसवून तीन-चार पाने वाचली तरी बरेच कळते. आम्ही सर्वांत आधी उधारी पाहतो. विक्री वीस टक्के वाढली आणि येणे रक्कम साठ टक्के वाढली असेल, तर माल खपलेला नाही, लोकांच्या गळ्यात बांधलेला आहे, हे कोणत्याही ठोक व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. त्यानंतर रोख प्रवाहाचे पान. नफा कागदावर दरवर्षी आणि धंद्यातून रोकड मात्र येतच नाही, असे चार-पाच वर्षे दिसले तर ती वही मिटून टाकावी. मग कर्ज. मग प्रवर्तकांनी आपले स्वतःचे शेअर गहाण ठेवले आहेत काय, ते.

इतके पाहूनही फसवणूक होते, हेही सांगितले पाहिजे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी लेखी कबुली दिली की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड व बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. नावाजलेल्या लेखापरीक्षकांनी त्या वह्यांवर सह्या केल्या होत्या. म्हणून सगळा पैसा एकाच कंपनीत घालू नये. दहा-बारा वेगवेगळ्या धंद्यांत तो वाटावा. अमळनेरची गोष्ट ऐकून जो एकाच शेअरवर घर लावतो, त्याला त्याच काळात बुडालेल्या कंपन्यांची यादी दिसत नाही, कारण त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

हलाल-हरामचा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात असतोच. व्याजी बँका, दारू, जुगार असे धंदे तर वगळलेच पाहिजेत. धंदा जायज असला तरी कंपनीवर व्याजी कर्ज किती, व्याजाची मिळकत किती, हे पाहण्याची मापे ठरलेली आहेत. कर्जाची मर्यादा संस्थेगणिक सुमारे २५ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान धरली जाते. मुंबई शेअर बाजाराने डिसेंबर २०१० मध्ये पन्नास कंपन्यांचा शरिया निर्देशांक सुरू केला. ज्यांना एकेक कंपनी पारखायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या मापांनी चालणारे म्युच्युअल फंडही आहेत. उलेमांमध्ये याबाबत एकमत नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून निर्णय घ्यावा. आम्ही एवढेच नोंदवतो की कमी कर्जाची अट ही निव्वळ हिशेबाच्या दृष्टीनेही चांगली चाळण आहे. मंदीत आधी बुडतात त्या बहुधा कर्जाच्या ओझ्याखालच्या कंपन्या.

सुताचा भाव पडला की

मालेगावचा मागवाला सुताचा भाव पडला की दोन गाठी जास्त घेऊन ठेवतो. तोच गृहस्थ शेअरचा भाव पडला की घाबरून विकतो. याचे कारण उघड आहे. सुताचे काय करायचे ते त्याला माहीत असते, शेअरमागच्या धंद्याचे काही माहीत नसते. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ पर्यंत चढला, हर्षद मेहता प्रकरण बाहेर आले आणि वर्षभरात तो निम्म्याच्या आसपास उतरला. ज्या एसीसीचा भाव नऊ हजारांच्या घरात गेला होता, तिचे सिमेंट आधी जसे विकले जात होते तसेच नंतरही विकले जात होते. २३ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या भीतीने, सेन्सेक्स एका दिवसात सुमारे ३,९०० अंशांनी पडून २५,९८१ वर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत त्याने जानेवारीचा उच्चांक मागे टाकला. पडत्या भावात विकावे कोणाला लागले? ज्यांनी कर्ज काढून शेअर घेतले होते त्यांना, आणि ज्यांचा पैसा दोन महिन्यांत लागणार होता त्यांना.

म्हणून कोणता पैसा येथे घालू नये, हे आम्ही ठासून सांगतो. दुकानाचे खेळते भांडवल नको. सुताचे, चामड्याचे, लाकडाचे देणे चुकवायचा पैसा नको. पुढच्या तीन-चार वर्षांत हजला जायचे असेल, घरात लग्न असेल, तर तो पैसा नको. उधार घेतलेला तर मुळीच नको. एवढे वजा करून जी रक्कम उरते, ती लहान असली तरी चालते. दर महिन्याला थोडी थोडी घातली तर महाग भावाचा एकदम फटका बसण्याची भीतीही कमी होते.

आपल्या समाजाचा पैसा बुडतो तो मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच दोन वाटांनी. पहिली वाट फ्युचर्स-ऑप्शनची. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, माणशी सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपये. दुसरी वाट ‘हलाल नफा’ देणाऱ्या योजनांची. बंगळूरच्या आयएमए या संस्थेत दरमहा मिळणाऱ्या नफ्याच्या आशेने हजारो मुस्लिम कुटुंबांनी पैसे ठेवले. जून २०१९ मध्ये संस्थेचा प्रमुख देशाबाहेर निघून गेला, जुलैत परतला तेव्हा त्याला अटक झाली. विधवांचे, निवृत्तांचे पैसे अडकले. शिर्कत म्हणजे नफा-तोटा दोन्हींत हिस्सा. कोणत्याही खऱ्या धंद्यात एखादे वर्ष मंदीचे जातेच. जो ‘भागीदार’ तुम्हांला तोट्याचा महिना कधी दाखवतच नाही, त्याच्या वह्या आधी मागाव्यात. नोंदलेल्या कंपनीचा वाईट तिमाही अहवाल सर्वांसमोर येतो आणि भाव पडतो, हे दुःखदायक असले तरी त्यात निदान काही लपत नाही.

पेटीतले जुने कागद

आता ज्यांच्या वाडवडिलांनी कधी काळी शेअर घेतले होते त्यांच्यासाठी थोडे. असे कागद अजून कित्येक घरांत, जमिनीच्या दस्तांबरोबर बांधलेले सापडतात. ‘सेबी’ने १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करणे बंद केले. वारस म्हणून नाव लावून ते डीमॅट खात्यात घेता येतात. कंपनीचे नाव बदललेले असू शकते, ती दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असू शकते. म्हणून कागद रद्दीत घालण्यापूर्वी चौकशी करावी. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही तर कायद्यानुसार तो लाभांश आणि त्यावरील शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये, जमा होतात. ते जप्त झालेले नसतात, वारसांना परत मागता येतात.

वारसांबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. डीमॅट खात्यात ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लिहिले, तोच मालक होतो असे घरोघर मानले जाते, आणि बहुधा ते नाव थोरल्या मुलाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मधील निकालात स्पष्ट केले आहे की नॉमिनीमुळे वारसाहक्क बदलत नाही. शेअर त्याच्या ताब्यात येतात ते सर्व वारसांच्या वतीने. विधवा आणि मुली यांचे हिस्से त्यात आहेतच.

परत मागण्याची रीत अशी. प्रथम कंपनीच्या संकेतस्थळावरून तिच्या रजिस्ट्रारचा पत्ता काढून फोलिओ क्रमांकासह लेखी विचारणा करावी. मृत्यूचा दाखला, वारसाबाबतची कागदपत्रे, पॅन, आधार आणि वारसाच्या नावे डीमॅट खाते लागते. कंपनीची खात्री पटली की ती हक्काबाबतचे पत्र देते. त्यानंतर आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत कागदपत्रांसह कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. यात काही महिने सहज जातात, एखादे कागदपत्र अपुरे निघाले तर त्याहून जास्त. हे काम करून देतो म्हणून शेअरच्या किमतीचा चौथा किंवा तिसरा हिस्सा मागणारे दलाल फिरत असतात. आयईपीएफ-५ अर्जाला सरकारी शुल्क काहीही नाही.